फक्कीची दिल्ली

बाई, आज सव्वीस जानेवारी. आमच्या मसाटच्या कारखान्यात सकाळी झेंडावंदन झालं. वॉचमनने गेटपासून झेंड्याच्या खांबापर्यंत पांढऱ्या फक्कीच्या दोन रेघा मारल्या होत्या, वाकड्यातिकड्या, आणि साहेबांची गाडी नेमकी त्यांच्यावरूनच आत आली. भाषण झालं, बुंदीचा लाडू आणि फरसाणचं पाकीट मिळालं आणि सगळे सुट्टी म्हणून घरी पळाले. मी त्या पुसलेल्या रेघेकडे बघत उभी राहिले. आमचा सुपरवायझर गुजराती आहे, तो म्हणाला, "शुं थयुं बेन, कंई पडी गयुं?" माझं काही पडलं असं वाटलं त्याला. मी म्हटलं, "काही नाही भाई, चालले." घरी आले, दोन भाकरी टाकल्या, जेवले, भांडी घासली आणि आता दुपारची ही वही घेऊन बसले आहे. तुम्हाला जाऊन बारा वर्षं झाली. एक गोष्ट तुम्हाला सांगायची राहून गेली आहे. यमुनेची गोष्ट. तुम्हाला ती अर्धी माहीत आहे, पण अर्धीच.

मी सातवीत तुमच्या हाताखाली आले. बापू धुळ्याकडून इथे सुताच्या कारखान्यात बॉबिन उतरवायला आले होते, आई घरात अहिराणी बोलायची, गल्लीत गुजराती, दुकानात हिंदी, आणि शाळेत तुमचं ते कोकणातलं नाकातलं मराठी. पहिले दोन महिने आम्ही खान्देशातली पोरं मधल्या सुट्टीत तुमची नक्कलच करायचो. तुम्हाला ते माहीत होतं. एकदा वर्गात येऊन तुम्ही म्हणालात, "नाकातून बोलायचं तर नीट बोला, अर्धवट नको," आणि फळ्याकडे वळलात. दरवर्षी सव्वीस जानेवारीच्या कवायतीसाठी मैदान आखायला फक्कीचं पोतं यायचं, त्यातली थोडी उरायची. दुसऱ्या दिवशी इतिहासाच्या तासाला तुम्ही आम्हाला मैदानावर न्यायचात. तुमच्याकडे डालड्याचा जुना डबा होता, बुडाला खिळ्याने भोकं पाडलेला. पदर खोचून, कमरेत वाकून तुम्ही तो हलवत चालायचात आणि मागे पांढरी रेघ उमटत जायची. पहिली रेघ नदीची. "आपली दमणगंगा कुठे?" तुम्ही विचारायचात. आम्ही सगळे मागच्या भिंतीकडे हात करायचो, जिकडे सूर्य मावळायचा तिकडे. "मग यमुनाही तिकडेच धरा. नदीशिवाय राजधानी नाही." आणि मग नदीच्या काठाला लाल किल्ला, किल्ल्यापुढे चांदणी चौकाचा सरळ रस्ता, रस्त्याच्या बाजूला जामा मशीद, खाली फिरोजशहाचा कोटला, पुराना किल्ला, हुमायूनची कबर, आणि पार खाली कुतुबमिनार आणि तुघलकाबाद. दर ठिकाणी एकेक पोरगं उभं करायचात आणि ते स्वतःचा इतिहास स्वतः सांगायचं. मी कोण, मला कोणी बांधलं, मला कोणी लुटलं. आपलं सिल्वासाही तेव्हा केंद्रशासित प्रदेशाची राजधानीच होतं, छोटीशी का असेना. तुम्ही म्हणायचात, "एका राजधानीत उभं राहून दुसरी बघतो आहोत, कमी आहे का?" आता तेही राहिलं नाही, राजधानी दमणला गेली. तुम्ही असतात तर काहीतरी तिरकस बोलला असतात.

मी तुघलकाबाद होते. दोन्ही वर्षं. पाण्याच्या टाकीजवळ, सगळ्यांपासून लांब, एकटी उन्हात. बांधलं आणि ओसाड पडलं, एवढंच माझं भाषण. मला फार राग यायचा. जी गोरीगोमटी, चांगल्या घरची पोरं ती लाल किल्ला आणि जामा मशीद, आणि बॉबिनवाल्याची पोरगी उजाड गाव. एकदा मी रागानेच बोलले. कुतुबमिनार झालेला मुलगा आजारी होता, तुम्ही विचारलंत, "कुतुबमिनाराचे मजले किती?" आणि मी टाकीजवळून ओरडले, "सात." तुम्ही डबा खाली ठेवलात आणि ते अख्खं मैदान चालत माझ्यापर्यंत आलात. "पुस्तकातल्या चित्रात मोजलेस?" मी म्हटलं, "नाही, अंदाजाने." तुम्ही आवाज चढवला नाहीत. म्हणालात, "अंदाजाने इतिहास सांगायचा नाही. माहीत नसेल तर माहीत नाही म्हणायचं. त्याची लाज वाटते आणि खोटं बोलायची वाटत नाही?" मी रडले. पाचच मजले आहेत हे मी मग घरी जाऊन आईला सांगितलं, तर ती भाजी चिरता चिरता म्हणाली, "काय शिकाडस वं तुन्ही बाई, दिल्लीले जाई उनी का ती?" दिल्लीला जाऊन आली का तुझी बाई, असं विचारत होती. मी म्हटलं, "गेली असणार, नाहीतर एवढं कसं माहीत?"

तुम्ही गेला नव्हतात. हे आम्हाला आठवीत कळलं, तेही तुम्हीच सांगितलंत म्हणून. वाचनालयातल्या एका जाड पुस्तकातून तुम्ही हे सगळं वाचलं होतं, चित्रं होती त्यात, पण नकाशाचं पान कोणीतरी फाडून नेलं होतं. वाचून वाचून तुम्ही जागा लावल्या होत्यात, हे याच्यासमोर, ते त्याच्याखाली. तुम्ही दरवर्षी हेडसरांकडे दिल्लीच्या सहलीची चिठ्ठी द्यायचात आणि दरवर्षी सहल दुधनीला जायची. आम्ही धरणाच्या पाण्यात बोटीतून फिरायचो, वडापाव खायचो आणि तुम्ही काठावरून पाण्याकडे बघत म्हणायचात, "याच्याही खाली घरं आहेत, विसरू नका." आम्हाला कंटाळा यायचा. खरं ते सांगायची तुम्हाला खोडच होती. लाल किल्ल्यात दिवाण-ए-खासच्या छताला चांदी होती आणि ती आपल्याच मराठी फौजेने उतरवून वितळवली, हे तुम्ही पोरांपुढे सांगितलंत तेव्हा एका मुलाचे वडील शाळेत भांडायला आले होते. "बाई, आपल्याच पोरांना असलं कशाला सांगता?" ते म्हणाले. तुम्ही वह्या तपासत होतात, मान वर न करता म्हणालात, "काढली ती काढली. आता मी काय परत लावून देऊ?" ते गृहस्थ आले तसे गेले. त्या दिवसापासून तुम्ही मला आवडायला लागलात, हे तुम्हाला कधी सांगितलं नाही.

मग वर्षं गेली. बारावीनंतर मी मसाटच्या कारखान्यात तपासणी विभागात लागले, सुताचा पीळ आणि ताण बघायचं काम, तेच आजवर करते आहे. लग्न झालं, मोडलं, त्याबद्दल इथे लिहीत नाही. तुम्ही निवृत्त झालात तेव्हा बाकीच्यांना पेनं आणि पुस्तकं दिलीत आणि मला तो डालड्याचा डबा दिलात. "तू काढशील कधीतरी," म्हणालात. मला हसू आलं. मी कुठे मास्तरीण होते? पण घेतला. पुढे दर रविवारी तुमच्याकडे यायची सवय लागली. तुमचं ना कोणी पुढे ना मागे, माझंही तेच. तुमच्या त्या दोन खोल्यांत मी कळण्याची भाकरी घेऊन यायची, तुम्ही कुळथाची पिठी करायचात, आणि दोघी एकमेकींच्या जेवणाला नावं ठेवत जेवायचो. "दगड आहे हा," तुम्ही माझ्या भाकरीला म्हणायचात आणि दुसरी घ्यायचात.

कंपनीने मला एकदा यंत्रांच्या प्रदर्शनाला दिल्लीला पाठवलं. तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त आनंद झाला. तुम्ही यादी करून दिलीत, आधी हे बघ, मग ते. काम संपल्यावर एक सकाळ मोकळी मिळाली, मी लाल किल्ल्यावर गेले. चांदणी चौकाकडे पाठ करून किल्ल्याच्या दरवाज्यासमोर उभी राहिले आणि माझ्या तोंडावर सकाळचं ऊन. बाई, मला आधी वाटलं सूर्यच चुकला. मी मनातल्या मनात आपलं मैदान मांडलं, भिंत, नदी, किल्ला, माझी टाकी. किल्ल्याकडे तोंड म्हणजे नदीकडे तोंड, म्हणजे मावळतीकडे तोंड, आणि सकाळचं ऊन पाठीवर हवं. ते डोळ्यात येत होतं. एका रिक्षावाल्याला विचारलं तर तो म्हणाला, "जमना? किले के पीछे मैडम, उधर पूरब में. अब तो दूर खिसक गई." तेव्हा कळलं. तुम्ही पहिल्या वर्षी पोरांना समजावं म्हणून यमुना आपल्या नदीच्या बाजूला धरलीत आणि बाकी सगळं तिच्या आधाराने मांडलंत. पूर्वेचं सगळं पश्चिमेला गेलं आणि पश्चिमेचं पूर्वेला. आमचं तुघलकाबाद कुतुबमिनाराच्या जागी आणि कुतुबमिनार आमच्या जागी. पंचवीस वर्षं तुम्ही तेच काढत आलात आणि तेच तुमच्या डोक्यात खरं होऊन बसलं. मी तिथे फुटपाथवर बसून हसले आधी. मग हसू गेलं.

परत आले तो रविवार मला स्वच्छ आठवतो. तुम्ही दारातच उभ्या. चहा नाही, पाणी नाही, "कशी आहे गं? मी काढायचे तशीच आहे ना?" तुमच्या डोळ्यांत तेव्हा काचबिंदू सुरू झाला होता, वापीच्या डॉक्टरांनी थेंब दिले होते, कडेकडेचं दिसेनासं झालं होतं तुम्हाला. तुम्ही मान वळवून वळवून माझा चेहरा शोधत होतात. मी म्हटलं, "अगदी तशीच, बाई. एक रेघ इकडची तिकडे नाही." का म्हटलं? प्रेमाने म्हटलं, असं मी स्वतःला पुष्कळ वर्षं सांगत आले. प्रेम होतंच. पण तुम्हाला नाराज करायची भीती जास्त होती. तुमच्यासारख्या बाईला तुमच्याच तोंडावर चूक म्हणायला जी छाती लागते ती माझ्याकडे नव्हती. टाकीजवळच्या त्या "सात"नंतर खरं बोलायच्या परीक्षेत मी दुसऱ्यांदा नापास झाले. तुम्ही मात्र इतक्या खूश झालात की फणसाची साठवणीतली साटं काढून मला दिलीत, आणि म्हणालात, "मग आता मलाही एकदा दाखव. डोळे आहेत तोवर."

बाई, आता जे लिहिते ते लिहायला हात धजत नाही. मी "दिवाळीनंतर" म्हटलं. दिवाळी झाली, मी म्हटलं थंडी फार असते तिकडे, होळीनंतर. होळीनंतर म्हटलं ऊन फार. कंपनीत सुट्टी मिळत नाही, तिकीट मिळत नाही, ऑडिट आहे, माणसं कमी आहेत. दोन वर्षं मी तुम्हाला अशी बोलाची कढी वाढली. खरं कारण एकच होतं. तुम्ही गेला असतात तर तुम्हाला सूर्य दिसला असता, नदी कुठे ते दिसलं असतं, आणि मी खोटं बोलले ते दिसलं असतं. डॉक्टर प्रत्येक वेळी म्हणायचे, गेलेली नजर परत येत नाही, उरलेली सांभाळायची. मी तुम्हाला दर महिन्याला वापीला न्यायची, रिक्षात हात धरून बसायची, थेंब घालायची. कोणी बघितलं असतं तर म्हणालं असतं, पोटची पोर करणार नाही एवढं करते. आणि मी करतच होते. पण एका सकाळी तुम्ही गॅस पेटवताना म्हणालात, "आता ज्योतसुद्धा दिसत नाही गं, नुसती ऊब लागते," आणि मी पुढच्याच आठवड्यात दिल्लीची तिकिटं काढली. मी तुमची नजर जायची वाट बघत होते, असं मी कधीच ठरवलं नव्हतं. पण तिकिटं मी तेव्हाच काढली, त्याआधी नाही. याला काय म्हणायचं ते तुम्हीच सांगितलं असतंत.

तुम्ही तक्रार केली नाहीत. वापीहून गाडीत बसलो तशा तुम्ही प्रत्येक स्टेशनचं नाव विचारत होतात. दिल्लीत तुम्ही सगळं हाताने बघितलंत. जामा मशिदीच्या पायऱ्या मोजत चढलात आणि वर पोचल्यावर दम लागलेला असताना त्याच पायरीवर बसून मला म्हणालात, "बघ, पुस्तकात लिहिलंय तेवढ्याच भरल्या, मी आज मोजून खरं केलं." हुमायूनच्या कबरीच्या जाळीत बोटं घालून किती तरी वेळ उभ्या राहिलात. कुतुबमिनाराखाली म्हणालात, "मजले किती?" मी मान वर करून मोजले, मोठ्याने, एक, दोन, तीन, चार, पाच. "आता शिकलीस," म्हणालात आणि माझ्या खांद्यावर थोपटलंत. तुघलकाबादला रिक्षावाले यायला तयार नव्हते, काय ठेवलंय तिकडे म्हणे, सगळे पत्थर. तुम्ही हट्टाने नेलंत. त्या पडक्या भिंतींवर वारा लागत होता, माणूस नव्हतं. तुम्ही म्हणालात, "तुला वाटायचं ना, मी तुला मुद्दाम इथे उभी करते म्हणून? लांब उभं राहून एकटीने बोलायला आवाज लागतो. तो तुझ्याकडेच होता." इतकी वर्षं लागली मला ते कळायला, आणि कळलं तेव्हा मला ते ऐकून घ्यायची लाज वाटली.

लाल किल्ल्यावर आपण सकाळी गेलो. दिवाण-ए-खासच्या मागे, नदीकडच्या बाजूला, कठड्यापाशी मी तुम्हाला उभं केलं. छताला हात पोचत नाही म्हणून तुम्ही खांबाला लावलात, "चांदी नाही ना?" विचारलंत आणि स्वतःच हसलात. मग तोंड पुढे करून विचारलंत, "यमुना कुठल्या अंगाला?" कोवळं ऊन सरळ तुमच्या तोंडावर पडलं होतं, काळ्या चष्म्याखालून गालावर. नदी समोरच होती, पलीकडे, मधे मोठा रस्ता, दिसत नव्हती पण समोरच. मी म्हटलं, "तुमच्या पाठीमागे, बाई. तुम्ही काढायचात तशीच." तुम्ही म्हणालात, "मग पुढे काय आहे?" मी म्हटलं, "रस्ता." तेवढं तरी खरं होतं. तुमचं तोंड उन्हातच होतं. तुम्ही रोज सकाळी घराच्या पायरीवर उन्हाकडे तोंड करून बसणाऱ्या, तुम्हाला पूर्व कळत नव्हती असं थोडंच आहे? पण तुम्ही "बरं" म्हणालात, मागे वळलात आणि किल्ल्याकडे तोंड करून, चांदणी चौकाच्या दिशेने हात जोडलेत. नदीला म्हणून. मी बाजूला उभी राहून ते बघितलं. तुम्हाला स्वतःच्या तोंडावरच्या उन्हापेक्षा माझा शब्द खरा वाटला. तरीही मी तोंड उघडलं नाही.

त्यानंतर दोन महिन्यांनी शाळेचं स्नेहसंमेलन होतं. मराठीचे वर्ग कमी होत चालले होते, पोरं इंग्रजीकडे आणि गुजरातीकडे जात होती, म्हणून जुन्या बाईंना पाहुण्या म्हणून बोलवायचं ठरलं. तुम्ही मला म्हणालात, "तू ने मला." मी म्हटलं, "बाई, माझी नेमकी शिफ्ट आहे." शेजारची मुलगी तुम्हाला घेऊन गेली. तिथे काय झालं ते मी आजवर सगळ्यांना असं सांगत आले की मला नंतर कोणाकडून तरी कळलं. तुम्ही पोरांना दिल्ली सांगितलीत. "मी आता पाहून आले आहे," म्हणालात. "डोळ्यांनी नाही, पण पाहिली. आणि आम्ही मैदानावर काढायचो ती अगदी बरोबर होती. यमुना आपल्या दमणगंगेच्याच अंगाला आहे, मावळतीला." पुढच्या रांगेतून सातवीतली एक मुलगी उभी राहिली, दोन वेण्या, निळी रिबीन. उद्धट नव्हती ती, घाबरतच बोलली, "बाई, पण आमच्या नव्या पुस्तकात नकाशा आहे, त्यात यमुना पूर्वेला आहे. दिल्लीच्या उजवीकडे." कोणीतरी खुसखुसलं, मग सगळीच पोरं हसायला लागली. हेडसर उठून म्हणाले, "बसा बसा, बाईंना कोणीतरी चुकीचं सांगितलं असेल."

तुम्ही माईकसमोर उभ्या होतात. चेहरा थोडा वर केलात, उन्हात करायचात तसा, पण हॉलमध्ये ऊन कुठलं? नुसता ट्यूबलाइट. मग तुम्ही म्हणालात, "पूर्वेलाच आहे. त्या सकाळी ऊन तोंडावर होतं माझ्या, मला तेव्हाच कळायला हवं होतं." आणि हेडसरांच्या दिशेने वळून, "नाही सर, मला कोणी काही सांगितलं नाही. मीच अंदाजाने सांगितलं. पहिल्या वर्षापासून अंदाजानेच सांगत आले. अंदाजाने इतिहास सांगू नये." आणि त्या मुलीला, "तू बरोबर बोललीस. नाव काय तुझं? बस खाली, शाबास." पोरांनी टाळ्या वाजवल्या, त्या मुलीसाठी. तुम्ही खुर्ची चाचपत बसलात. खुर्ची थोडी बाजूला होती, तुमचा हात दोनदा हवेत गेला, मग सापडली. हार घातला, नारळ दिला, कार्यक्रम पुढे चालू झाला.

त्या रविवारी मी नेहमीसारखी आले. तुम्ही ओट्यापाशी चाचपडत कांदा चिरत होतात, मी सुरी मागितली, तुम्ही दिली नाहीत. "झाली का शिफ्ट?" तुम्ही विचारलंत. मी म्हटलं, "झाली." "कसं झालं संमेलन?" मी विचारलं, बघा माझी हिंमत. तुम्ही म्हणालात, "बरं झालं. पोरं हुशार आहेत आताची." तेवढंच. मी वाट बघत होते की तुम्ही विचाराल. तुम्ही विचारलं असतंत, का गं असं सांगितलंस मला, तर मी सगळं ओकून टाकलं असतं, पाया पडले असते. पण तुम्ही विचारलं नाहीत. जेवताना माझ्या भाकरीला दगड म्हणाला नाहीत. त्या दिवसापासून कधीच म्हणाला नाहीत, चांगली झाली आहे म्हणायचात, परक्या माणसाला म्हणतात तसं. पुढच्या पावसाळ्यात तुम्हाला न्यूमोनिया झाला आणि सहा दिवसांत सगळं संपलं. शेवटच्या दिवशी तुम्ही माझा हात धरून होतात, शुद्धीत होतात, मी सांगू शकले असते. मी तुम्हाला चमच्याने पाणी पाजत बसले.

तुमचा डबा माझ्या माळ्यावर आहे. मघाशी काढला. बुडाची भोकं गंजून एकमेकांत मिसळली आहेत, आता त्यातून रेघ येणार नाही, एकदम ढीगच पडेल. शाळेत आता मराठीचा एकच वर्ग उरला आहे, त्यात किती पोरं आहेत मला माहीत नाही. मैदानाच्या अर्ध्या भागात फरशा बसवल्या, पाण्याची टाकी पाडली. मी त्या रस्त्याने जात नाही, कारखान्याची बस दुसरीकडून जाते, तेच बरं आहे. त्या मुलीला मी एकदा बाजारात पाहिलं, आता बरीच मोठी झाली आहे, कडेवर मूल होतं. मी वळून दुसऱ्या दुकानात शिरले. तिने काय वाईट केलं? तिने खरं सांगितलं. तुमचं ऐकलं असतं तर मीही तेच केलं असतं, आणि तुम्ही त्या हॉलमध्ये तशा उभ्या राहिल्या नसतात.

हे पत्र कुठे टाकायचं? पत्र नदीत सोडायची काही पद्धत नाही, आणि नदीचं नाव काढायला मला तोंड नाही. वहीतच राहील. एवढंच लिहायला बसले होते, आणि तेच शेवटपर्यंत लांबवत आले, माझी जुनी खोड. बाई, त्या दिवशी माझी शिफ्ट नव्हती. मी रजा टाकली होती. मी हॉलमध्येच होते, मागच्या दाराशी, चपलांच्या ढिगाजवळ, आणि हेडसर जेव्हा म्हणाले की बाईंना कोणीतरी चुकीचं सांगितलं असेल, तेव्हा मी चप्पल घालून बाहेर आले नाही, पुढेही गेले नाही. पोरांनी टाळ्या वाजवल्या तेव्हा माझ्याकडे कोणी बघू नये म्हणून मीही वाजवल्या.